उमेदवारसाहेब, बसा! थोडे विचारायचे आहे

निवडणूक आली की गावात नमस्कारांचे पीक येते. एरवी मोटारसायकलवरून नुसती मान हलवून जाणारा माणूस थांबतो, खाली उतरतो, दोन्ही हात जोडतो, आजीच्या पायांना हात लावतो, पोराच्या गालाला बोट लावतो आणि ‘लक्ष असू द्या’ म्हणून पुढच्या घराकडे वळतो. त्याच्यामागे दहा-पंधरा कार्यकर्ते, त्यांच्यामागे ताशा आणि सगळ्यांत मागे भोंगा लावलेला ऑटो. हा सोहळा आपल्या दारात फार तर पाऊण मिनिट टिकतो. तेवढ्या वेळात मतदाराने काय करायचे? हसायचे आणि ‘हो हो, तुम्हालाच’ म्हणायचे. सगळेच सगळ्यांना असे म्हणतात. हे उमेदवारालाही ठाऊक असते आणि मतदारालाही. दोघेही एकमेकांना फसवत नाहीत, कारण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसतो!

या पाऊण मिनिटाचा कोणी पाऊण तास केला तर? उमेदवाराला दारातून परत न पाठवता खुर्ची दिली, पाणी दिले आणि ‘साहेब, बसा, थोडे विचारायचे आहे’ असे म्हटले तर? कल्पना साधी आहे. पण आपल्याकडे ती किती अवघड आहे आणि जमली तर किती उपयोगाची आहे, हे मी नुकतेच जवळून पाहिले. त्याविषयी आज थोडे लिहायचे आहे.

नऊ वर्षांनी आलेले मत

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नमस्कारांचे हे पीक फार दिवसांनी आले. २०२५ च्या नोव्हेंबरात राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती यांच्या निवडणुका जाहीर झाल्या. त्यांत जिल्ह्यातल्या अकरा नगरपरिषदा होत्या. घाटावरच्या बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा. घाटाखालच्या खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा आणि जळगाव जामोद. यापूर्वीची निवडणूक बहुतेक ठिकाणी २०१६ च्या अखेरीस झालेली. पाच वर्षांची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि पालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. २ डिसेंबरला मतदान झाले, काही ठिकाणचे २० तारखेला झाले आणि २१ डिसेंबरला मोजणी झाली.

म्हणजे २०१६ साली नववीत असलेली पोरे या वेळी आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत देत होती. त्यांतल्या काहींची लग्नेही होऊन गेली होती! मधल्या काळात त्यांनी खासदार निवडला, आमदार निवडला. पण नाली तुंबली तर कोणाच्या दारात जायचे, हे त्यांना सांगता आले नसते. प्रशासक म्हणजे अधिकारी. तो वाईट असतो असे नाही. कित्येकदा चांगलाच असतो. पण तो आपल्या गल्लीत राहत नाही, त्याला पुन्हा मत मागायला यायचे नसते आणि लग्नाच्या पंगतीत तो आपल्या शेजारी बसत नाही. नगरसेवकाला धरता येते ते पंगतीत, चौकात, केस कापायच्या दुकानात. सुमारे चार वर्षे आमच्या शहरांना असे धरायला कोणी नव्हते.

आणि वऱ्हाडाला नगरपालिका काही नवी नाही. खामगावची नगरपालिका १८६७ सालची. कापसाचा हा बाजार त्या काळी इतका मोठा होता की जलंबहून खामगावपर्यंत फाट्याचा लोहमार्ग टाकला गेला आणि १८७० च्या मार्चमध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात याच मेयोसाहेबांनी प्रांतांकडे आणि स्थानिक कारभाराकडे काही आर्थिक अधिकार सोपवण्याचा ठराव काढला. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा ठराव आला आणि स्थानिक स्वराज्य हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकात कायमचा जाऊन बसला. स्वराज्याची पहिली पायरी म्हणून ज्या संस्थेचे नाव आपण शाळेत घोकले, तिच्या उमेदवाराला मात्र आपण पाऊण मिनिटात वाटेला लावतो.

पाणी हाच पहिला प्रश्न

बुलडाणा जिल्ह्यात कोणत्याही गावात चार माणसे बसली की पाचवा विषय पाण्याचा निघतो. बुलडाणा शहर पैनगंगेवरच्या येळगाव धरणाकडे पाहते, खामगाव ज्ञानगंगेच्या जलाशयाकडे, देऊळगावराजा खडकपूर्णेकडे. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात तर पाणी असून नसल्यासारखे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागातला खारपाणपट्टा असा की विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. या भागात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे गेलेली घरे गावोगाव सापडतात. वान धरणाच्या पाण्यावर आधारलेली १४० गावांची योजना उभी राहिली ती याच दुखण्यावर. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हाही लोकांची पहिली शंका गेली ती पाण्यावर. पुढे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमची चर्चा झाली; पण पहिले बोट पाण्याकडे वळावे, यातच या जिल्ह्याचे सारे दुखणे आले.

आता गंमत पाहा. निवडणुकीतल्या प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात पाणी असते. ‘मुबलक पाणी’, ‘शुद्ध पाणी’, ‘चोवीस तास पाणी’. आणि प्रत्येक मतदाराचाही पहिला प्रश्न पाण्याचाच असतो. विचारणारा आणि सांगणारा एकाच विषयावर बोलत असूनही उत्तर कसे मिळत नाही? माझ्या मते याचे कारण प्रश्नात आहे. ‘पाणी देणार काय?’ असे विचारले की उत्तर ठरलेले आहे. ‘होईल.’ हा ‘होईल’ आपल्या सार्वजनिक जीवनातला सर्वांत गुळगुळीत शब्द आहे. तो हातात धरता येत नाही. त्याला तारीख नसते, आकडा नसतो, कागद नसतो.

आमच्या गल्लीत काय झाले

मी घाटाखालच्या एका शहरात राहतो. शहराचे नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि इथे ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते सगळे मला रोज भेटतात. आमच्या प्रभागात दोन नगरसेवक निवडायचे होते. त्यांतली एक जागा महिलेसाठी राखीव. शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे प्रत्येकाला तीन मते. दोन जागांसाठी सात उमेदवार उभे होते. त्या सर्वांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी बोलावून विचारावे, ही कल्पना गल्लीतल्या दोन मुलींनी काढली. एक महाविद्यालयात शिकते, दुसरी बँकेत आहे. आम्ही निवृत्त मंडळींनी नेहमीप्रमाणे मान हलवून ‘आपल्याकडे असे होत नसते’ असे सांगितले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे ते ऐकले नाही.

पहिली अडचण जागेची. गल्लीचे सारे काही होते ते मारुतीच्या पारावर. पण धार्मिक जागेचा राजकीय कामासाठी वापर करायला १९८८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आचारसंहितेतही ते बसत नाही. तेव्हा एका घराचे मोठे अंगण ठरले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी कळवले, भोंगा लावायचा नाही असे ठरवले. एका उमेदवाराने मंडप आणि चहा-फराळाची व्यवस्था करण्याची तयारी दाखवली. ती हात जोडून नाकारली. घरटी वीस रुपये काढले आणि चहा आपला आपण केला. सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरून आल्या.

दुसरी अडचण मोठी होती आणि तिचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. विचारायचे कोणी? मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला ही अडचण कळणार नाही. लहान गावात उमेदवार हा कोणाचा साडू असतो, कोणाच्या मुलाचा वर्गमित्र असतो, कोणाला त्याने उधारीवर खत दिलेले असते. चार लोकांत त्याला प्रश्न विचारला की तो प्रश्न राहत नाही, त्याचे वैर होते. ‘अमक्याने मला भर सभेत विचारले’ हे वाक्य पुढची दहा वर्षे लग्नाच्या पत्रिका वाटताना आठवले जाते. त्यातून प्रश्न विचारणारा एका जातीचा आणि उमेदवार दुसऱ्या जातीचा असेल तर विचारूच नका.

यावर तोडगा काढला तो त्या मुलींनीच. प्रत्येक घरातून एक चिठ्ठी मागवायची. चिठ्ठीवर प्रश्न लिहायचा, नाव लिहायचे नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलांना सांगून लिहवून घ्यायचा. सगळ्या चिठ्ठ्या एका पितळी गुंडीत टाकायच्या, त्यांतून सारखे सारखे वेगळे करून दहा प्रश्न काढायचे आणि ते दहाच्या दहा सर्व उमेदवारांना त्याच क्रमाने विचारायचे. वाचून दाखवणार सातवीतली एक मुलगी. तिच्याशी कोण वैर धरणार? अशा रीतीने प्रश्नाचा धनी कोणी एक राहिला नाही. प्रश्न गल्लीचा झाला. मला वाटते, रहिवाशांनी गट करून विचारण्याचे खरे बळ या एका गोष्टीत आहे. गटात असल्यामुळे माणूस शूर होत नाही. पण त्याला शूर होण्याची गरज उरत नाही.

गुंडीतल्या चिठ्ठ्या

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आम्ही चकित झालो. साठ-सत्तर चिठ्ठ्यांत ‘विकास’ हा शब्द कुठेही नव्हता. तो बहुधा फक्त पत्रकात राहतो. सर्वांत जास्त चिठ्ठ्या पाण्याच्या होत्या, पण जास्त पाणी द्या असे फार थोड्यांनी लिहिले होते. बहुतेकांचे म्हणणे एकच होते : नळ कधी येणार ते आधी सांगा. एका चिठ्ठीत वाक्य होते ते असे : ‘नळ आठव्या दिवशी येते का धाव्या दिवशी, दिवसा येते का रात्री, थे आधी सांगा. नळाच्या दिवशी माही मजुरी पडते.’

या एका चिठ्ठीने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही अहवालाने शिकवले नसते. नळाचा दिवस माहीत नसेल तर दोन-तीन दिवस घरी कोणीतरी थांबावे लागते. नोकरदाराच्या घरी सासूबाई असतात, छतावर टाकी असते, टुल्लू पंप असतो. मजुरीला जाणाऱ्या बाईकडे यांतले काही नसते. तिची मजुरी बुडते, किंवा पाणी बुडते. नळाचे वेळापत्रक ठरवायला नवे धरण लागत नाही, नवी जलवाहिनी लागत नाही, दिल्ली-मुंबईची मंजुरी लागत नाही. लागतो फक्त पाण्याची पाळी ठरवणारा एक कागद आणि तो पाळणारा एक माणूस. इतक्या स्वस्त गोष्टीची मागणी आजवर कोणत्याही पत्रकात आली नव्हती, कारण ती करणाऱ्या बाईला कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा प्रश्न नालीचा. नाली काढतात, पण काढलेला गाळ तिथेच काठावर ठेवतात. तो वाळतो आणि पहिल्या पावसात पुन्हा नालीत जातो. ‘गाळ त्याच दिवशी उचलण्यासाठी तुम्ही काय कराल?’ तिसरा प्रश्न रात्री बंद असलेल्या पथदिव्यांचा. आणखी एक प्रश्न फक्त माजी नगरसेवकासाठी होता, पण आम्ही नियमाप्रमाणे तो सर्वांना विचारला : ‘सभागृहात प्रभागाच्या कामासाठी तुम्ही किती वेळा बोललात, आणि ते प्रोसिडिंगमध्ये कुठे आहे?’

सभा

सातपैकी पाच उमेदवार आले. दोघांनी ‘प्रचाराला वेळ कमी आहे’ असा निरोप धाडला. प्रत्येकाला दहा मिनिटे. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. बँकेतली मुलगी उत्तरे वहीत उतरवून घेत होती आणि शेवटी प्रत्येकाला वाचून दाखवून खाली सही घेत होती. सहीचे नाव काढताच दोघांनी आपापल्या उत्तरांतले काही शब्द बदलून घेतले. ‘करणार’ चे ‘प्रयत्न करणार’ झाले. आम्हाला तेही चालले. निदान शब्दाला वजन असते हे त्यांनी मान्य केले.

राखीव जागेवरच्या एका उमेदवार ताईंच्या वतीने त्यांचे पती बोलायला उठले. हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना मिळाल्या त्याला तपाहून अधिक काळ लोटला, तरी खुर्चीवर एक आणि बोलायला दुसरा, असा प्रकार अजून दिसतो. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, ‘‘भाऊ, मशीनवर नाव तुमचं हाय का वहिनीचं?’’ सगळे हसले. पतिराजही हसले आणि बसले. ताई उठल्या. त्यांनी सरळ सांगितले, की टाकीची क्षमता किती, मोटारी किती, हे मला आज सांगता येणार नाही, मी माहिती घेऊन दोन दिवसांत कळवीन. पण नळ रात्री दोनला येतो तेव्हा मीही ड्रम भरायला उठते, त्यामुळे वेळापत्रकाचा प्रश्न मला कोणी समजावून सांगायला नको. त्या संध्याकाळचे सर्वांत चांगले उत्तर हेच होते, असे माझे मत आहे.

एका तरुण उमेदवाराने उत्साहाच्या भरात खामगाव-जालना रेल्वेमार्ग आणण्याचे वचन दिले. आता हा मार्ग म्हणजे आमच्या जिल्ह्याची ब्रिटिश काळापासूनची आस. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत ती रेल्वे एकदा धावून जाते. एका निवृत्त गुरुजींनी त्याला प्रेमाने सांगितले, ‘‘बाळा, रेल्वे दिल्लीची. तू आमची घंटागाडी आण.’’

यातून एक धडा मिळाला. कोणाच्या हातात काय आहे, हे विचारणाऱ्यालाही माहीत असायला हवे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ चा. त्याच्या ४९ व्या कलमात पालिकेची आवश्यक कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये वेगवेगळी सांगितली आहेत. दिवाबत्ती, सफाई, पाणी ही आवश्यक. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली आणि बाराव्या अनुसूचीत अठरा विषय नोंदले गेले. पण पैशाच्या बाजूने पाहिले तर पालिकेचा हात आखडलेलाच आहे. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली. आज मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि वरून येणारे अनुदान यांवर गाडा चालतो. मुख्याधिकारी राज्य शासन नेमते. तेव्हा नगरसेवकाला सगळ्याचा जाब विचारणे जसे चूक, तसे ‘माझ्या हातात काही नाही’ हे त्याचे म्हणणे मानणेही चूक.

आणि मग उलटा प्रश्न आला. माजी नगरसेवकांची पाळी होती. सभागृहात किती वेळा बोललात याला त्यांनी प्रामाणिकपणे ‘फार नाही’ असे उत्तर दिले, आणि मग म्हणाले, ‘‘आता मी विचारतो. या गल्लीत टुल्लू पंप किती घरी आहेत? पाणीपट्टी किती जणांची भरलेली आहे? शेवटच्या घराला पाणी पोचत नाही ते माझ्यामुळे की वरच्या घरांच्या मोटारींमुळे?’’ अंगणात शांतता पसरली. नळाच्या दिवशी लागोपाठ घुरघुरणाऱ्या त्या मोटारी कोणाकोणाच्या, हे सर्वांना माहीत होते. त्या शांततेत मला वाटले, की सभा खऱ्या अर्थाने आता सुरू झाली.

असे प्रयोग आणि त्यांचा इतिहास

उमेदवाराला समोर उभे करून विचारण्याची रीत जगात जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान येईपर्यंत उमेदवार उघड्या मंचावर उभे राहत आणि समोरची गर्दी त्यांना वाटेल ते विचारी, कधी कधी वाटेल ते फेकूनही मारी! मंच गेला, पण निवडणुकीपूर्वी सर्व उमेदवारांना एकत्र बसवून विचारण्याची पद्धत तिथल्या गावांत टिकली. अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला त्या १९२० सालीच महिला मतदारांची एक संघटना निघाली. उमेदवारांच्या जाहीर प्रश्नोत्तरांच्या सभा भरवणे हे तिने आपले काम मानले. १९७६, १९८० आणि १९८४ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे वादविवाद तिनेच घडवले. १९८८ मध्ये पक्षांनी सगळ्या अटी आपणच ठरवायला सुरुवात केली, तेव्हा तिने अंग काढून घेतले. विचारणाऱ्याचे नियम उमेदवार ठरवू लागला की ती सभा प्रचाराची होते, एवढे त्यातून आपण घ्यावे.

आपल्या देशातले उदाहरण मला याहून मोठे वाटते. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई घेतली. गावच्या कामांचे कागद गावासमोर वाचले गेले आणि हजेरीपटावर ज्यांची नावे होती त्यांनाच विचारले गेले, की बाबा, तू या कामावर होतास काय? त्या साध्या प्रश्नातून पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये कायदा आला.

उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, त्याच्यावरचे खटले आज आपल्याला प्रतिज्ञापत्रात वाचायला मिळतात, तेही कोणीतरी विचारल्यामुळेच. १९९९ साली अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी न्यायालयात याचिका केली. २ मे २००२ आणि १३ मार्च २००३ या दोन निकालांनी सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा हा हक्क पक्का केला. आणि मुंबईत जुहूच्या रहिवाशांनी तर २००७ च्या महापालिका निवडणुकीत आणखी पुढची पायरी गाठली. प्रभागातल्या नागरिकांनी एकत्र येऊन सर्वांच्या संमतीने ॲडॉल्फ डिसोझा यांना अपक्ष उभे केले आणि निवडूनही आणले. हा प्रयोग सगळीकडे रुजला नाही. पक्षांची ताकद, पैसा, जातीची गणिते यांपुढे तो सोपा नाही. पण उमेदवार वरून येतो, खालून येत नाही, ही समजूत त्याने एकदा तरी खोटी ठरवली.

निवडणुकीनंतरचे दिवस

आता सर्वांना हवा असलेला प्रश्न : आमच्याकडे निकाल काय लागला? ताई निवडून आल्या. आणि दुसऱ्या जागेवर निवडून आले ते सभेला न आलेल्या दोघांपैकी एक! आमच्यातले काही जण त्यामुळे फार खट्टू झाले. ‘सभा घेऊन काय मिळवले?’ असे म्हणू लागले. मला तसे वाटत नाही. मत कोणाला द्यावे हे सभेने ठरवायचे नव्हतेच. नाते, जात, पक्ष, उपकार, राग या सगळ्यांचे मतपेटीवर वजन पडते आणि पडत राहणार. सभेमुळे एक वही तयार झाली. मोजणीनंतर दहाव्या दिवशी त्या दोन मुली ती वही घेऊन नव्या नगरसेवकांकडे गेल्या आणि त्यांना तेच दहा प्रश्न त्याच क्रमाने विचारले. ते बसले. त्यांनी उत्तरे दिली. सही मात्र दिली नाही. ती पुढच्या भेटीत देतो म्हणाले.

ताईंनी एक काम केले आहे. नळ सोडायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीच्या मोबाइलवर निरोप येतो आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी चौकातल्या किराणा दुकानाच्या फळीवर खडूने लिहिले जाते : ‘उद्या सकाळी.’ दोन वेळा निरोप चुकला. तरी मजुरीला जाणाऱ्या बायका आता संध्याकाळी ती फळी पाहून घरी जातात. टुल्लू पंपांचे काय झाले, असे विचाराल तर दोन निघाले, बाकीचे आहेत. त्यावर पुढची सभा व्हायची आहे आणि तिला कोणी उमेदवार लागणार नाही.

खेड्यात राहणाऱ्या वाचकांना हे सगळे वाचून हसू येईल. त्यांच्याकडे ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी सरपंचाला गावासमोर बसावे लागते. ती किती नीट भरते हा वेगळा विषय. पण हक्क आहे. नगरात राहणाऱ्याला असा दिवस नाही. २००९ साली राज्याने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, पण अशी सभा भरलेली मी तरी पाहिलेली नाही. एक दार मात्र उघडे ठेवलेले आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने स्थानिक संस्थांच्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहण्याची सोय दिली. गेल्या महिन्यात आमची मंडळी पहिल्यांदा गेली. पाण्याच्या पाळीचा कागद पाहायला मागितला. कारकुनाने आश्चर्याने विचारले, ‘‘कोणाकडून आलात?’’

सातवीतली मुलगी सोबत होती. ती म्हणाली, ‘‘आमच्या गल्लीकडून.’’